फुलावरच्या मोगऱ्याची कुंडी

आमच्या खजुरीच्या घरात भाषा दोन आणि मोगरा एक. माझे माहेर उमरग्याकडचे, सासर आळंद तालुक्यातले. अंतर म्हणाल तर फार नाही, पण मधून राज्याची हद्द जाते. माहेरी सासूला आत्याबाई म्हणत, इथे अत्ती म्हणतात. त्यामुळे हाक मारायला मला फारसे शिकावे लागले नाही. बाकी मात्र सगळे शिकावे लागले. मी मोगरा म्हणते, अत्ती मल्लिगी म्हणतात. मी जास्वंद म्हणते, त्या दासवाळ. मुलांना लहानपणी वाटायचे की आपल्या अंगणात दुप्पट झाडे आहेत.

हा मोगरा पंधरा किलोच्या तेलाच्या डब्यात होता. डबा किती जुना ते मला सांगता येणार नाही. मी लग्न होऊन आले तेव्हाही तो तुळशीशेजारच्या ओट्यावर होताच आणि तेव्हाही त्याचा रंग गेलेला होता. झाड त्याहून जुने. अत्तींचे माहेर हुमनाबादकडचे. लग्नात त्यांनी माहेरच्या मोगऱ्याची एक दाब ओल्या गोणपाटात गुंडाळून आणली आणि ती अंगणात लावली. बहात्तरच्या दुष्काळात अंगणातले झाड गेले. त्याआधी त्यांनी त्याची एक फांदी मातीत दाबून मुळे धरायला लावली होती. ती त्यांनी भांडी घासलेल्या पाण्यावर जगवली. डब्यातला मोगरा तो हाच. घरातल्या पितळेच्या भांड्यांच्या वाटण्या झाल्या, शेताच्या झाल्या, मोगऱ्याची वाटणी करायचे धाडस कुणी केले नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या चैत्रातली गोष्ट. युगादीला, म्हणजे आपल्या पाडव्याला, मोगऱ्याने अशी कळी धरली होती की पाने कमी दिसत होती. त्याच वेळी सोलापूरला दिलेल्या आमच्या मोठीला सातवा महिना लागणार होता. इकडे कुबसा करतात, तिकडे डोहाळजेवण. दोन्हीकडची मने राखायची म्हणून दोन्ही एकाच दिवशी करायचे ठरले. बसव जयंती झाली की चौथ्या दिवशी. बसव जयंती आणि अक्षय्य तृतीया एकाच तिथीला येतात, त्यामुळे तारीख लक्षात ठेवायला व्याह्यांनाही सोपे गेले. अत्तींनी तेव्हाच जाहीर करून टाकले, नातीची फुलांची वाडी आपल्या मल्लिगीची भरायची. बाजारातले फूल नको.

आणि नेमका तेव्हाच मोगरा दुपारी मान टाकू लागला.

पहिले आठ दिवस मी उन्हाला दोष दिला. कलबुर्गी जिल्ह्यातला उन्हाळा काय असतो ते या पानाच्या वाचकांना सांगायला नको. एप्रिल सरता सरता पारा 42-43 अंशांवर जातो. पण शेजारची जास्वंद ताठ उभी आणि मोगराच तेवढा कोमेजलेला, म्हणजे कारण वेगळे असणार. मी सकाळी तांब्याने पाणी घातले की ते क्षणात डब्याच्या तळातून बाहेर यायचे. मला वाटायचे, पाणी खालपर्यंत पोचले. नंतर कळले ते उलटेच होते.

आपली माती काळी. ती भिजली की फुगते, वाळली की आकसते. शेतात त्या भेगा आपण दर उन्हाळ्यात बघतो. डब्यात हाच प्रकार होतो, फक्त भेग दिसत नाही. मातीचा गोळा आकसून पत्र्यापासून सुटतो आणि मधे फट पडते. ओतलेले पाणी त्या फटीतून सरळ खाली जाते. आतला गोळा कोरडाच राहतो. त्यात मुळांनी सगळा डबा व्यापला असेल तर पाणी धरून ठेवायला माती उरलेलीच नसते. मी डबा थोडा कलता करून पाहिला तर तळाच्या गंजलेल्या भोकांतून मुळांचे पांढरे-तपकिरी झुपके बाहेर आलेले.

मी त्या रात्री जेवताना म्हटले, "मोगऱ्याचा डबा बदलायला हवा."

अत्तींनी हातातला घास खाली ठेवला. "हू बिट्ट गिडक्क कै हच्चबारदु यव्वा," त्या म्हणाल्या. फुलावर आलेल्या झाडाला हात लावू नये. आणि पुढे, "ते बसुरी आहे. बसुरीचं घर बदलतात का?"

बसुरी म्हणजे गर्भार. आपल्याकडेही घरात बाई गरोदर असताना नव्या घरात बिऱ्हाड हलवत नाहीत, तोच नियम त्यांनी झाडाला लावला होता. हा नुसता समज म्हणून सोडून द्यावा असे मला वाटले नाही, कारण याच चुकीने मी एक झाड मारलेले होते.

ते झाड होते अनंताचे. काही वर्षांपूर्वी मी ते हौसेने कलबुर्गीहून आणले. काळ्या पिशवीतले, हातभर उंचीचे, त्यावर दहा-बारा कळ्या आणि दोन उमललेली फुले. घरी आले ती मे महिन्यातली दुपार होती. मला धीर निघेना. पिशवी फाडली, मुळांना चिकटलेली माती बरी वाटली नाही म्हणून ती पाण्याने धुऊन काढली, आणि झाड छान मोठ्या कुंडीत लावून वर दोन मुठी खत घातले. चार दिवसांत कळ्या पिवळ्या पडून गळाल्या. पंधरा दिवसांत पाने. महिन्याभरात काडी राहिली. एका दुपारी करता येतील तेवढ्या सगळ्या चुका मी केल्या होत्या. विकणाऱ्याला दोष देण्याजोगे काही नव्हते, झाड आले तेव्हा ठणठणीत होते.

झाड पाणी पिते ते जाड मुळांनी नाही. टोकाशी असलेली बारीक मुळे आणि त्यांच्यावरची डोळ्यांना जेमतेम दिसणारी लव, हे पाणी ओढतात. माती धुतली, झटकली, ओढली की आधी तुटते ती ही लव. नवी फुटायला दिवस लागतात. तोवर वरची पाने आणि फुले मात्र पूर्वीइतकेच पाणी मागत असतात. किती मागतात याचा अंदाज येण्यासाठी एक जुना प्रयोग सांगते. 1724 साली इंग्लंडमधल्या स्टीफन हेल्स नावाच्या पाद्र्याने कुंडीतले साडेतीन फूट उंचीचे सूर्यफूल घेतले. कुंडीचे तोंड शिशाच्या पत्र्याने बंद केले, म्हणजे मातीतून वाफ जायला नको, आणि ते रोज सकाळ-संध्याकाळ तराजूत तोलले. दिवसाच्या बारा तासांत त्या एकट्या झाडाने सरासरी 20 औंस पाणी हवेत सोडले. म्हणजे अर्ध्या लिटरहून थोडे जास्तच. हे इंग्लंडच्या उन्हात. आपल्या वैशाखाचे तुम्हीच बघा.

पाणी कमी पडले की झाड आधी सोडते ते फूल. पाने ठेवते, कारण पानांवर ते जगते. त्या वेळी झाडात इथिलीन नावाचा वायू वाढतो आणि कळीच्या देठाशी सांधा सुटतो. आंब्याच्या आढीत पिकताना जो वायू काम करतो तोच हा. म्हणजे अत्तींचे म्हणणे शास्त्राला धरूनच होते. फुलावरच्या झाडाची मुळे हलवली तर फुले जातील.

पण मुळे हलवलीच नाहीत तर झाड जाईल अशी वेळ आली असेल, तर काय? माझा प्रश्न तो होता.

मी अत्तींना म्हटले, "बसुरीचं घर बदलत नाहीत खरं. पण बाळंतपणाला माहेरी आणतो की नाही? आता आपणच आणणार आहोत ना मोठीला?"

अत्ती जरा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, तवरमनीला येताना बाई आपली पेटी, कपडे, औषधे सगळे घेऊन येते. तिला कुणी उपटून आणत नाही.

हे वाक्य त्या भांडणाच्या सुरात बोलल्या होत्या, पण फुलावरच्या झाडाची कुंडी कशी बदलावी हे सगळे त्यात आले होते. मातीचा गोळा जसाच्या तसा, मुळांना बोट न लावता उचलायचा आणि जरा मोठ्या कुंडीत ठेवायचा. भोवती नवी माती भरायची. झाडाला कळताच कामा नये की घर बदलले.

तरीही आम्ही लगेच हात लावला नाही. आधी एक गोष्ट तपासायची होती, आणि माझ्या मते प्रत्येकीने आधी हेच तपासावे. दुपारी झाड मान टाकते यावरून काही ठरवू नये. कडक उन्हात भरपूर पाणी असलेले झाडही मान टाकते. पाहायचे ते सकाळी, ऊन यायच्या आधी. रात्रभरात पाने पुन्हा उभी राहिली असतील तर मुळे अजून काम करत आहेत. दाटी झाली असली तरी फुलांचा बहर संपेपर्यंत झाड थांबू शकते. सकाळीही पाने लोळलेलीच असतील, मातीला कुजका वास येत असेल, किंवा कुंडी फुटली असेल, तर थांबण्यात अर्थ नाही. आणखी एक शत्रू हुमणीची अळी. कच्चे शेणखत घातले की ती कुंडीत येते आणि आतून मुळे खाते. अत्ती तिला गोण्णे हुळा म्हणतात. ती सापडली तर फुले बघत बसू नये. मुळेच उरली नाहीत तर फुले कशाच्या जोरावर राहणार?

आमचा मोगरा सकाळी उभा असायचा. त्यामुळे त्या फेरीत अत्ती जिंकल्या. डबा न बदलता त्याला सांभाळायचे ठरले. एका मोठ्या घमेल्यात पाणी भरून डबा त्यात अर्धा तास ठेवला. आधी मातीतून बुडबुडे आले, ते थांबले तेव्हा समजले की आता गोळा आतपर्यंत भिजला. हे दर तिसऱ्या दिवशी करू लागलो. डब्याच्या पत्र्याला दुपारी हात लावून पाहा, चटका बसतो. आत पत्र्याला टेकलेली मुळे त्याच चटक्यात असतात. म्हणून भोवती ओले गोणपाट गुंडाळले आणि वरून तुरीच्या भुसकटाचा थर दिला. कलबुर्गीच्या तूरडाळीला 2019 साली भौगोलिक मानांकन मिळाले, भुसकटाला नाही मिळाले, पण कुंडीतला ओलावा राखायला त्याच्यासारखे दुसरे काही मला सापडलेले नाही. आमच्या ह्यांनी वर जुन्या धोतराची सावली बांधून दिली. बारा-तेरा दिवस मोगरा खूश होता.

डोहाळजेवणाला सतरा दिवस उरले होते. मी डबा घमेल्यात ठेवायला उचलला आणि डबा हातात राहिला, तळ खाली. गंजून गेलेला तळ रिंगणासारखा सुटला आणि खालचा चार बोटे मातीचा थर मुळांसकट ओट्यावर कोसळला. बारीक मुळे तुटल्याचा आवाज मला ऐकू आला असे मी आजही म्हणते. असा आवाज नसतो असे हे म्हणतात.

अत्ती तुळशीपाशी बसल्या होत्या. त्यांनी पाहिले. मला वाटले आता बोलतील. त्या उठल्या, पदर खोचला, म्हणाल्या, "कुंडी आण."

कुंडी कुंभाराकडून आणून ठेवलेलीच होती, मी आशा सोडलेली नव्हती. अडचण मातीची. अंगणातली काळी माती पुन्हा भरायची नाही हे मी ठरवले होते. बिदर-हुमनाबादकडे जमीन जांभ्याची, माती तांबडी. बिदरचा किल्ला त्याच जांभ्याचा आहे. ती माती पाणी साठवून चिखल करत नाही आणि वाळली तरी विटेसारखी घट्ट होत नाही. मागच्या खेपेला अत्तींच्या भाचीच्या लग्नाहून येताना एक पोते घेऊन आलो होतो. एक पाटी तांबडी माती, एक पाटी दोन वर्षे कुजलेले शेणखत, अर्धी पाटी जाड वाळू. नवी मातीची कुंडी आधी पाण्यात बुडवून ठेवली, नाहीतर ती झाडाचे पाणी स्वतःच पिते. तळाच्या भोकावर खापरीचा तुकडा, पालथा.

कुंडी किती मोठी घ्यायची यावर एक शब्द. 2012 साली हेंड्रिक पूर्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुंड्यांवरचे पासष्ट अभ्यास एकत्र मांडले. कुंडीची जागा दुप्पट केली की झाडाची वाढ सरासरी 43 टक्क्यांनी जास्त होते असे त्यात दिसले. म्हणजे दाटीने झाड खुंटते हे खरेच. पण म्हणून लहान झाड एकदम हंड्यात लावू नये. जिथे मुळे पोचलेली नाहीत तिथली माती ओली राहून आंबते. जुन्या गोळ्याभोवती दोन बोटे नवी माती मावेल एवढीच कुंडी पुरे, दुखावलेल्या झाडाला तर नक्कीच.

ह्यांनी पत्रा कापायच्या कात्रीने डबा दोन्ही बाजूंनी उभा चिरला. ओढून काढायचा नाही, चिरून सोलायचा. आतला गोळा दिसला तेव्हा आम्ही तिघेही बघत राहिलो. माती जवळजवळ नव्हतीच. मुळांनी डब्याच्या चौकोनात गोल गोल फिरून गाठोडे केले होते. एरवी, पौष-माघात, मी बाहेरची मुळे सुरीने चार ठिकाणी चिरली असती, म्हणजे ती गोल फिरणे सोडून बाहेर पडतात. त्या दिवशी तेही केले नाही. तळाशी आधीच खूप तुटले होते. तुटून लोंबणारी तेवढी कात्रीने साफ कापली.

गोळा कुंडीत बसला, भोवती माती भरली, जुनी पातळी होती तेवढीच ठेवली. खोड खोल गाडायचे नाही. पाणी दिले. आणि मग तो प्रश्न आला, जो सगळ्यांनाच येतो. कळ्यांचे काय?

झाडाने खालची इतकी मुळे गमावली होती. वरचे ओझे तेवढेच ठेवले तर ते स्वतः टाकणार, आणि टाकण्याआधी त्यांच्यावर आपला साठा खर्च करणार. कळ्या काढायला हव्या होत्या, हे मला माहीत होते. पण सतरा दिवस मी त्या कळ्यांबद्दल फोनवर मोठीशी बोलत आले होते. माझा हात पुढे होईना.

अत्तींनी सूप घेतले आणि कळ्या खुडायला बसल्या. मोठ्या, पांढऱ्या झालेल्या आधी. त्या रात्री उमलतात. मग हिरव्या, ज्वारीच्या दाण्याएवढ्या. त्या कुठेच उमलणार नव्हत्या. सुपात दोन्हीचे वेगळे ढीग करत त्यांनी सगळे झाड मोकळे केले. उरलेल्या कोवळ्या शेंड्यांनाही चिमटा काढला. मी म्हटले, "अत्ती, चार तरी ठेवू." त्या म्हणाल्या, "मी नव्हत्या काढल्या."

मला आधी कळले नाही. मग त्या बोलल्या. लग्न वैशाखात झाले होते. माहेरून आणलेल्या दाबेवर तेव्हा कळ्या होत्या. अठरा, त्यांनी मोजल्या होत्या. वाटले होते, सासरी पोचेपर्यंत उमलतील, पहिल्या दिवशी माळायला माहेरचे फूल असेल. बैलगाडी, मग मोटार, मग पुन्हा बैलगाडी. एकही उमलली नाही. कळ्या गेल्याच, आणि दाब पुढे दोन वर्षे फुलावर आली नाही. फुलावरच्या झाडाला हात लावू नये हा त्यांचा नियम तिथून आला होता. पंचवीस वर्षे मी तो ऐकत होते, कारण त्या दिवशी पहिल्यांदा ऐकले.

पांढऱ्या कळ्यांचा गजरा त्या रात्री झाला. हिरव्या तुळशीच्या बुडाशी ठेवल्या.

कुंडी कडुनिंबाखाली दहा दिवस ठेवली. खत एक चमचाही नाही. दुखावलेल्या मुळांना खत म्हणजे जखमेवर मीठ. पहिले पंधरा-वीस दिवस तरी थांबावे, मी महिना थांबले. रोज सकाळी बोट खुपसून पाहायचे, माती ओली असेल तर पाणी नाही. पाचव्या दिवशी खालची पाने पिवळी पडली आणि माझ्या डोळ्यांसमोर तो अनंत उभा राहिला. पण शेंड्याची पाने सकाळी उभी होती.

डोहाळजेवणाची वाडी कलबुर्गीच्या बाजारातल्या फुलांची भरली. फुले चांगली होती. आपल्या कर्नाटकात हूविनहडगली, म्हैसूर आणि उडुपी या तीन ठिकाणच्या मल्लिगीला मानांकन मिळालेले आहे, फुलांना या राज्यात तोटा नाही. व्याह्यांकडच्या बायकांनी कौतुक केले. अत्तींनी नातीच्या वेणीत स्वतःच्या हाताने गजरा माळला आणि काही बोलल्या नाहीत. मोठीने मात्र रात्री मला विचारले, "आजीच्या मोगऱ्याची नव्हती ना फुलं?" वासावरून ओळखले म्हणाली. मला तसे काही ओळखता आले नव्हते.

या सगळ्यातून गेल्यावर बऱ्याच मैत्रिणी मला विचारतात की फुलावर असताना कुंडी बदलावी की नाही, एका शब्दात सांग. एका शब्दात नाहीच सांगता येत, पण झाडानुसार थोडे सांगता येते. मोगऱ्याचे खरे दिवस पौष-माघातले. छाटणी करून त्याच वेळी कुंडी बदलावी, म्हणजे फाल्गुनात नवी फूट येते आणि कळी त्या नव्या फुटीवरच लागते. गुलाबाचे काम पाऊस ओसरल्यावरच्या छाटणीबरोबर. शेवंती, म्हणजे अत्तींची सेवंतिगी, केव्हा फुलणार हे कुंडी ठरवत नाही, रात्र ठरवते. रात्री मोठ्या झाल्या की ती कळी धरते. गार्नर आणि अ‍ॅलर्ड या अमेरिकन शास्त्रज्ञांनी दिवस-रात्रीच्या लांबीचा हा हिशेब 1920 साली तंबाखू आणि सोयाबीनसारख्या पिकांवर मांडला, शेवंती त्यातल्याच जातीची. आमच्या गल्लीत दिव्याच्या खांबाखाली ठेवलेली एक शेवंती कार्तिक गेला तरी कळी धरीना, ती याच कारणाने. तेव्हा शेवंतीची वेळ आधीच ठाऊक असते. श्रावणाअखेर तिला शेवटच्या कुंडीत बसवून टाकावे. बहरात आणलेली शेवंती आहे त्या पिशवीसकट मोठ्या कुंडीत ठेवावी, फुले संपल्यावर बुडाशी आलेली पिल्ले वेगळी लावावीत.

जास्वंदीची वाट बघत बसलात तर ती कधीच रिकामी सापडणार नाही, बारा महिने एक तरी फूल असते. तिला आषाढात, ढगाळ दिवशी, थोडी छाटून बदलावे. ती राग धरत नाही. बोगनवेलीला मात्र उगाच हात लावू नये, मुळे दाटलेली असली की ती उलट जास्त फुलते आणि मुळे दुखावली की रुसते.

आणि तुळस. जी मैत्रीण मला म्हणते की फुलावरच्या झाडाला हात लावायचाच नसतो, तिला मी विचारते, तुळशीच्या लग्नाआधी वृंदावनातली माती कोण बदलते? कार्तिकात तुळस मंजिऱ्यांनी भरलेली असते. मंजिरी म्हणजे फूलच. पण आपण आधी मंजिऱ्या खुडतो आणि मगच माती उकरतो. आजीने शिकवले म्हणून करतो, का ते विचारत नाही.

मोगऱ्याला ज्येष्ठात नवी फूट आली. पाऊस पडल्यावर एक छोटा बहर आला, पसाभर. तोवर नातू झाला होता. अत्तींनी त्याच्या पाळण्याला चार फुले बांधली आणि ती त्याने पहिल्याच दिवशी तोंडात घातली. पुढच्या पौषात रीतसर छाटणी झाली, बाहेरची मुळे चिरली, मोठी कुंडी आली. त्या वेळी दोन फांद्यांच्या दाबा केल्या. एक सोलापूरला गेली.

मागच्या आठवड्यात मोठीचा फोन आला. तिच्या गॅलरीत तो मोगरा रंगाच्या बादलीत आहे, पहिल्यांदा कळ्यांनी भरला आहे आणि दुपारी मान टाकतो आहे. "आई, बादली बदलू का?"

"सकाळी पानं उभी असतात का?"

"असतात."

"मग पौषात बघू."

मागून अत्तींचा आवाज आला, "नेरळिगि इडु अन्नु." मी फोनवर सांगितले, आजी म्हणतेय सावलीत ठेव.